‘पुनर्मुद्रण’ म्हणजे बाबा नेमकं काय करायचे : री-रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत री-रेकॉर्डिस्टसाठी, म्हणजे चित्रपटाचे सगळे सुटे आवाज शेवटी एकत्र मिसळणाऱ्या (मिक्सिंग करणाऱ्या) माणसासाठी, वेगळं बक्षीस होतं. २०२४ मध्ये ते गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी याच विभागातल्या दुसऱ्या एका बक्षिसावरून बरीच धुसफूस झाली होती, आणि ते गेल्यावर पुढच्याच वर्षी मागच्या दाराने एक ‘विशेष उल्लेख’ आत आला. तिन्हींच्या बातम्या चार-चार ओळींच्या आल्या आणि विरून गेल्या. हे काम नक्की कुणाचं आणि त्याला म्हणायचं काय, हा घोळ मात्र सहज ऐंशी-नव्वद वर्षांचा आहे. त्यातली तीसेक वर्षं माझे बाबा ताडदेवच्या एका थिएटरात हेच काम करत होते. त्यामुळे पुढचं वाचताना माझा काटा कुठल्या बाजूला झुकतोय ते ध्यानात असू द्यावं.

‘आलम आरा’, १४ मार्च १९३१, गिरगावातलं मॅजेस्टिक, हे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की त्या बोलपटात चित्र आणि आवाज एकाच कॅमेऱ्यात, एकाच फिल्मवर, एका दमात उतरत होते. स्टुडिओशेजारून आगगाड्या जायच्या म्हणून चित्रीकरण रात्री करावं लागलं, ही हकिगत लोक गमतीने सांगतात. बाबांना त्यात गंमत वाटायची नाही. ते म्हणायचे, गाडीची शिट्टी एकदा फिल्मवर गेली की ती नंतर काढणार कोण? ‘नंतर’ नावाची पायरीच नव्हती तेव्हा.

ती पायरी पार्श्वगायनाने आणली. १९३५ साली कलकत्त्यात गाणं आधी वेगळं ध्वनिमुद्रित करून चित्राला जोडण्याची सुरुवात झाली. मग संवाद एका फिल्मवर, गाणं दुसऱ्या फिल्मवर, दारांचे-घोड्यांचे आवाज तिसऱ्या फिल्मवर असं होत गेलं. हे सगळे आवाज एकाच वेळी वाजवायचे, त्यांचं कमी-जास्त करायचं, आणि जे ऐकू येतंय ते एका कोऱ्या फिल्मवर पुन्हा उतरवायचं. पुन्हा उतरवायचं म्हणून ‘री-रेकॉर्डिंग’. शब्दात यंत्राचं काम तेवढं सांगितलंय. यंत्रापुढे बसलेल्या माणसाने काय ठेवलं आणि काय गाळलं, याचा त्यात मागमूस नाही. नक्कल काढणाऱ्या कारकुनासारखं वाटतं ते नाव. पुढच्या सगळ्या भानगडी या ‘री’मधून निघाल्या, असं माझं मत आहे.

मराठी श्रेयनामावलीत तर आणखी मजा. ध्वनिमुद्रण, ध्वनिलेखन, ध्वनिआलेखन हे शब्द आलटून पालटून वापरले जायचे. हिंदीवाले ‘ऑडिओग्राफी’ लिहायचे, फोटोग्राफीच्या चालीवर. आणि बाबांच्या वाट्याला यायचं ‘पुनर्ध्वनिमुद्रण’. पाटी लिहिणाऱ्याला जागा पुरली नाही तर नुसतं ‘पुनर्मुद्रण’. माझ्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात आईने तोच शब्द लिहिला. ऑफिसातल्या कारकुनांनी तो वाचून मला बोलावून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या बाबांच्या प्रेसमध्ये शाळेचं वार्षिक स्वस्तात छापून मिळेल का गं?” मी घरी येऊन निरोप सांगितला. बाबा हसले, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “तसं बघितलं तर तो माणूस फार चुकलेला नाही.”

खरंच नव्हता चुकलेला. कारण पडद्यावरच्या चित्रपटाचा आवाज त्या काळी छापलेलाच असायचा. प्रिंटच्या कडेला, चौकटी आणि भोकं यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढऱ्या-काळ्या नागमोडी नक्षीसारखा. प्रोजेक्टरमधला दिवा त्या नक्षीतून आरपार जायचा, पलीकडचा डोळा कमी-जास्त उजेड पकडायचा, आणि त्याचा आवाज व्हायचा. म्हणजे बाबांचं सगळं मिक्सिंग शेवटी प्रयोगशाळेत धुऊन, चित्राशेजारी छापून निघायचं. चित्र आणि आवाज एकाच फितीवर आलेल्या त्या प्रतीला मुंबईत ‘मॅरीड प्रिंट’ म्हणत. “या शुक्रवारी लग्न आहे,” असं बाबा म्हणाले की आई विचारायची, “मॅरीड प्रिंट की खरं?” तरीही दोघांचं शेजारी-शेजारी जमत नव्हतंच. आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपासून लांब असल्यामुळे प्रत्येक चौकटीचा आवाज तिच्या सुमारे २० चौकटी पुढे छापावा लागे.

घोळाचं आणखी एक टोक मद्रासेत. तिकडच्या चित्रसृष्टीत ‘री-रेकॉर्डिंग’, थोडक्यात ‘आरआर’, म्हणजे पार्श्वसंगीत. संगीतकार चित्र बघून सुरावट बसवतो, ती. मुंबईत त्याला ‘बॅकग्राऊंड’ म्हणत, आणि ‘री-रेकॉर्डिंग’ म्हणजे शेवटचं मिक्सिंग. एकदा तिकडून आलेले एक निर्माते बाबांच्या थिएटरात येऊन खुर्चीत बसले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, व्हायोलिनवाले कुठे बसवणार? जागा तर दिसत नाही. दुपार झाली तरी दोघं एकाच शब्दावरून दोन वेगळ्या कामांची बोलणी करत होते.

‘थिएटर’ हाही शब्द त्यातलाच. मिक्सिंगची जागा म्हणजे पडदा, प्रोजेक्टर आणि मधोमध कन्सोल, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं टेबल, असलेलं खरोखरीचं छोटं थिएटर, म्हणून सगळे तेच म्हणायचे. “बाबा थिएटरात आहेत” असं मी सांगितलं की वर्गातल्या मुली पास मागायच्या. डोअरकीपरची मुलगी, अशी माझी ख्याती पाचवीपर्यंत टिकली.

मला आठवतं ते थिएटर १९७४-७५ नंतरचं. पहिल्या मजल्यावर, जाड गाद्यांच्या दोन दारांपलीकडे. मे महिन्यात मी स्वेटर घेऊन जायचे, कारण यंत्रांसाठी वातानुकूलन होतं आणि आमच्या ओळखीत तशी थंडी दुसरीकडे कुठे नव्हती. पडद्याखाली फुटांचे लाल आकडे पळायचे. मिनिटं-सेकंद तिथे कुणी बोलत नसे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे सेकंदाला दीड फूट. हा हिशोब मला शाळेत किलोमीटर शिकवण्याआधी येत होता. हजार फुटांचं एक रीळ, अकरा मिनिटं. मराठी चित्रपट तेरा-चौदा रिळांचा, हिंदी सोळा-सतरा. प्रत्येक रिळाच्या तोंडाला अकरापासून उलटे आकडे असलेली फिल्म जोडलेली असायची. अकरा, दहा, नऊ… तीनवर एक टुक्क आवाज, आणि मग काळोख. दोन आणि एक नसायचेच. लपंडावात माझ्यावर राज्य आलं की मी तीनवरच ‘आले’ म्हणून पळायचे, आणि मुली भांडायच्या.

मागे मशीनरूम. तिथे एकेका कपाटाएवढ्या यंत्रावर एकेक ट्रॅक, म्हणजे एकेका सुट्या आवाजाची फिल्म, चढवलेला. तपकिरी रंगाची, भोकं पाडलेली मॅग्नेटिक फिल्म, दिसायला सिनेमाच्या फिल्मसारखीच, पण चित्राच्या जागी चुंबकीय लेप. सगळी यंत्रं आणि प्रोजेक्टर एका साखळीत जोडल्यासारखी एकदम सुरू व्हायची. मॅग्नेटिक आल्यामुळे आवाज लगेच ऐकता येऊ लागला, पुसता येऊ लागला. त्याआधी सगळं ऑप्टिकलवर, त्या छापील नागमोडी नक्षीत, म्हणजे प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत काय झालंय ते कळायचं नाही. मॅग्नेटिक फिल्म परदेशातून यायची, महाग होती, त्यामुळे जुने ट्रॅक पुसून तीच पुन्हा वापरत. कितीतरी चित्रपटांचे मूळ सुटे आवाज त्यामुळे आज कुठेही नाहीत. दुसऱ्या चित्रपटांखाली गाडले गेले.

बाबांची कात्री मला शिवायची परवानगी नव्हती. घरातल्या सगळ्या वस्तूंत तेवढी एकच. मी एकदा जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक तिला चिकटवून बघितलं, त्यावरून जन्मात पहिला आणि शेवटचा धपाटा खाल्ला. कात्रीच्या पात्यात जराशी चुंबकता राहिली तरी मॅग्नेटिक फिल्म कापताना त्या जोडावर ‘टक्’ असा आवाज बसतो. आणि जोड सरळ कापायचा नाही, तिरका कापायचा, म्हणजे एक आवाज संपून दुसरा सुरू होताना ठेच लागत नाही. पोळीचे तुकडेही बाबा तिरकेच करायचे.

काम कसं चालायचं, ते एका दृश्यावरून सांगते. त्या चित्रपटाचं क्यू-शीट, म्हणजे कितव्या फुटाला कुठल्या आवाजाचं काय करायचं याचा कागद, माझ्याकडे आहे. नाव सांगत नाही, कारण चित्रपट तीन आठवडेही चालला नाही. रात्रीची वेळ, बाहेर धो धो पाऊस, वाड्याचं दार उघडतं आणि ओला झालेला मुलगा उंबऱ्यात उभा. दिग्दर्शक म्हणत होते, “दादा, दार उघडल्यावर पाऊस अंगावर आला पाहिजे. अजून मोठा करा.” बाबा म्हणाले, “वर जागा नाही. खालून आणतो.” ऑप्टिकल ट्रॅकची अडचणच ती होती. फार मोठा आवाज दिला तर फाटायचा, फार बारीक ठेवला तर फिल्मच्या खरखरीत बुडायचा. मधे जी काही हातभर जागा उरायची तिच्यातच कुजबूज, पाऊस, बंदूक आणि शंभर वादकांचा ताफा बसवायचा. म्हणून त्यांनी दार उघडण्याआधी तीन फूट, म्हणजे दोन सेकंद, पाऊस हळूच उतरवला. इतका हळू की कुणाच्या लक्षात येऊ नये. मग दाराची कडी एकटी वाजली, आणि दार उघडताच पाऊस होता तेवढाच परत आला. दिग्दर्शक खुर्चीतून उठले. “आता कसा मोठा झाला?” झाला नव्हताच. शीटवर बाबांच्या अक्षरात आहे : ‘४०९ पाऊस खाली. ४१२ कडी, दार, पाऊस पूर्ण. व्हायोलिन काढले.’

ते व्हायोलिन काढलं त्यावरून संगीतकार दोन महिने बोलत नव्हते.

त्या काळात एक रीळ एका दमात मिक्स करावं लागे. नवव्या मिनिटाला बोट घसरलं तर पुन्हा पहिल्या फुटापासून, सगळी यंत्रं उलटी गुंडाळून. तेवढ्या वेळात चहा यायचा. पुढे ‘रॉक अँड रोल’ आलं. नाचगाण्याशी त्याचा संबंध नाही. सगळी यंत्रं एकमेकांना न सोडता मागे-पुढे नेता येतात, आणि चुकलेल्या जागेपासून पुढे रेकॉर्ड करता येतं, अशी ती व्यवस्था. बाबांच्या थिएटरात ती आली तेव्हा मी आठवीत होते. वेळ वाचला, पण बाबा म्हणायचे, आधी आम्ही रीळ वाजवायचो, आता दुरुस्त करतो. हे जरा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं होतं. ते तेव्हा चाळिशीतही नव्हते.

आणि हे सगळं कुणासाठी? आमच्या गावच्या जत्रेत तंबू-टॉकीज यायची. बाबा मला मुद्दाम तिथे घेऊन गेले होते, स्वतः मिक्स केलेला चित्रपट बघायला. पडद्यामागे कर्णे, बाजूला जनरेटरची धडधड, बायकांच्या बाजूला रडणारी पोरं. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते, डोळे मिटून उभे होते. ताडदेवच्या गारव्यात सुंदर वाटलेलं खालच्या पट्टीतलं सगळं संगीत जनरेटरने गिळून टाकलं होतं. संवाद मात्र शेवटच्या रांगेतल्या बैलगाडीपर्यंत पोचत होते. त्यानंतर कन्सोलच्या मोठ्या स्पीकरवर जमलं की ते तीच जागा एका टिनपाट छोट्या स्पीकरवर ऐकून बघायचे. आपल्याकडच्या जुन्या चित्रपटांत माणसं फार मोठ्याने बोलतात, असं आजची मुलं म्हणतात. त्यांनी तो तंबू बघितलेला नाही.

आता डबिंग. हा भाग नीट कळला नाही तर २०२२ चं भांडण कळणार नाही.

स्टुडिओच्या चार भिंतींत चित्रीकरण व्हायचं तोवर संवाद जागेवरच घेतले जायचे. कॅमेरे जड होते, पण त्यांना आवाज दाबणारी पेटी असायची. साठच्या दशकात रंग आला, बाहेर जाऊन चित्रीकरण करण्याची हौस आली आणि त्यासाठी हातात धरता येणारा अ‍ॅरी टू-सी कॅमेरा आला. हलका, स्वस्त, आणि शिवणयंत्रासारखा घरघरणारा. त्यावर घेतलेला संवाद वापरण्यासारखा नसेच. तो नुसता ओठ कसे हलले ते आठवायला ठेवायचा, ‘पायलट ट्रॅक’ म्हणून. मग नट-नट्या थिएटरात येऊन, फिल्मचा तोच तुकडा गोल फिरताना बघत, आपले संवाद परत म्हणायच्या. याला म्हणत ‘लूप’. सत्तरच्या दशकापर्यंत हीच रीत झाली, इतकी की ज्या नटाचे ओठ जुळत नसत त्याला ‘कच्चा’ म्हणत.

याचा परिणाम असा, की श्रेयनामावलीत ‘ध्वनिमुद्रण’ म्हणून ज्याचं नाव असे, त्याने उन्हातान्हात घेतलेला आवाज पडद्यावर एक सेकंदही नसे. गाणी घेणारा वेगळाच, त्याच्या स्टुडिओचं नाव वेगळ्या पाटीवर. आणि लोकांना जे ऐकू येई, ते शेवटी बाबांच्या हाताखालून गेलेलं. १९७६ सालच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत ‘ऑडिओग्राफी’चं बक्षीस सुरू झालं, एकच. ते यातल्या कुणी घ्यायचं, हे त्या-त्या चित्रपटावर सोडलेलं. तसं ते भिजत घोंगडं तीस वर्षं पडून होतं.

डब केलेल्या आवाजाची खरी पंचाईत ही, की तो बंद खोलीतला असतो आणि चित्र असतं रानातलं नाहीतर मंदिरातलं. त्याला जागेचा वास द्यावा लागतो. मंदिरातला संवाद असला की बाबा रात्री साडेदहानंतर इमारतीचा जिना वापरायचे. तळाशी स्पीकर, दुसऱ्या मजल्यावर मायक्रोफोन, लिफ्ट बंद. संवाद स्पीकरमधून सोडायचा, जिन्यातून घुमत वर गेलेला आवाज मायक्रोफोनने पकडायचा, आणि मूळ आवाजात चिमूटभर मिसळायचा. शाळेला सुट्टी असली की माझी नेमणूक पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी. कुणी खोकत वर येऊ लागला तर ओठांवर बोट ठेवायचं. एका देवळातल्या नवसाच्या प्रसंगात, नीट कान देऊन ऐकलं तर, मी शिंकलेली ऐकू येते. बाबांनी ती ठेवली. म्हणाले, देवळात कुणीतरी शिंकतंच.

इथून पुढचा प्रवास भराभर झाला. १९७५ मध्ये ‘शोले’ने ७० मिलिमीटर आणि अनेक वाटांनी येणाऱ्या आवाजाची चटक लावली, पण ते चार मोठ्या शहरांचं कौतुक होतं; तालुक्याच्या गावी एकच कर्णा होता. नव्वदच्या दशकात डॉल्बी आलं, मागोमाग डिजिटल ट्रॅक, आणि त्याच सुमाराला संगणक. वर जागा नाही, हे बाबांचं आयुष्यभराचं रडगाणं एका झटक्यात संपलं. आता वर हवी तेवढी जागा होती आणि सगळे ती वापरू लागले. मॅग्नेटिकची यंत्रं भंगारात गेली. बाबा १९९८ साली निवृत्त झाले, माऊस हातात न धरता. तोपर्यंत अमेरिकेतून सत्तरच्या दशकाच्या शेवटी निघालेला ‘साउंड डिझायनर’, म्हणजे चित्रपटाचे आवाज रचणारा, हा शब्द आपल्याकडेही येऊन ठेपला होता. बाबांना तो आवडायचा नाही आणि हेवाही वाटायचा, दोन्ही. “त्यात ‘री’ नाही बघ,” असं म्हणायचे.

२००१ मध्ये ‘लगान’ने कच्छच्या उघड्या माळावर जागेवरच संवाद घेऊन दाखवले. सिंक साउंड हा शब्द लोकांच्या तोंडी तिथून आला, जरी थोडेफार प्रयत्न त्याआधीही झाले होते. डबिंगमुळे जो माणूस नावापुरता उरला होता, तो लोकेशनवरचा ध्वनिमुद्रक, पुन्हा कामाला लागला. २००९ मध्ये पुण्याच्या सरकारी संस्थेत, म्हणजे जुन्या प्रभातच्या आवारात, शिकलेल्या एका तंत्रज्ञाला ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी ऑस्कर मिळालं, आणि आपल्या बातम्यांत त्यांना कुणी ध्वनिमुद्रक, कुणी साउंड इंजिनिअर, कुणी साउंड डिझायनर म्हटलं. बक्षीस होतं ध्वनिमिश्रणाचं, आणि ते तिघांना मिळून होतं. आपला माणूस चित्रीकरणाच्या जागेवरचा. उरलेले दोघे इंग्लंडमधले री-रेकॉर्डिंग मिक्सर. बाबांनी टीव्हीवर ते दोघं बघितले आणि आईला हाक मारली, “अगं ये, आमच्यातले आहेत!” बाकी देश तिसऱ्याकडे बघत होता, आणि ते बरोबरच होतं.

त्याच २००९ सालच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत ऑडिओग्राफीचे तीन तुकडे केले : लोकेशनवरचा ध्वनिमुद्रक, साउंड डिझायनर, आणि अंतिम मिश्रणाचा री-रेकॉर्डिस्ट. पहिल्याच्या पुढे स्पष्ट लिहिलेलं, फक्त सिंक साउंडच्या चित्रपटांसाठी. माझ्या मते हे त्या पुरस्कारांनी ध्वनीबद्दल केलेलं सगळ्यात शहाणं काम. उशिरा केलं, बाबा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाल्यावर, पण केलं.

मग जुलै २०२२. लोकेशनच्या ध्वनिमुद्रणाचं बक्षीस एका कानडी चित्रपटाला जाहीर झालं, आणि त्याच चित्रपटाच्या साउंड डिझायनरने जाहीरपणे सांगितलं की हा सिंक साउंडचा चित्रपटच नाही, तो डब केलेला आहे. त्यांच्या पाठोपाठ इतर नावाजलेले तंत्रज्ञही बोलले. ज्यूरीला डबिंग आणि सिंक यातला फरक कळत नाही, म्हणून सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्यात दुसरंच काहीतरी दिसलं. डब केलेला संवाद जागेवरचा वाटावा, इतका तो त्या जागेत बसला असेल, तर ते कुणीतरी बसवलेलं असणार. जिना वापरून नसेल, संगणकावर असेल. म्हणजे ज्यूरीने बक्षीस दिलं ते खरं तर शेवटच्या मिक्सिंगला, चुकीच्या नावाने. ज्यूरीची बाजू घेत नाहीये मी. अर्ज वाचला असता तरी पुरे होतं.

यावर उपाय काय करावा? चित्रपटाबरोबर सिंक साउंडचा पुरावा मागता आला असता. लोकेशनवरची रेकॉर्डिंग पाठवा म्हणता आलं असतं. ती आता पेनड्राइव्हवर मावतात. ज्यूरीवर एक ध्वनीतला माणूस सक्तीने नेमता आला असता. त्याऐवजी २०२४ मध्ये पुरस्कारांची एकूण फेररचना झाली तेव्हा तिन्ही तुकडे मोडून एकच ‘साउंड डिझाइन’चं बक्षीस ठेवलं. रक्कम ५० हजारांवरून २ लाख केली, आणि ती साउंड डिझायनरला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. फेररचना त्या भांडणामुळेच झाली असं मी म्हणत नाही. तीत इतरही अनेक बक्षिसांची नावं आणि रकमा बदलल्या. पण ध्वनीपुरतं बघितलं तर तीन माणसांतली दोन यादीतून उतरली.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, ते लपवत नाही. आज साउंड डिझायनर स्वतःच्या खोलीत संगणकावर निम्मंअधिक मिश्रण करूनच थिएटरात येतो. बऱ्याच छोट्या चित्रपटांत तोच शेवटचं मिक्सिंगही करतो. मराठीत तर सर्रास, कारण दोन माणसांचे पैसे नसतात. सीमारेषा पुसट झाल्यात हे खरं. आणि दर वर्षी तीन बक्षिसं द्यायची म्हणजे तीन वेळा चुकायची संधी. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट खटकते. ऑस्करनेही २०२० मध्ये ध्वनीची दोन बक्षिसं एक करायचं ठरवलं, पण माणसं गाळली नाहीत. एकत्र केलेलं पहिलं बक्षीस २०२१ मध्ये ‘साउंड ऑफ मेटल’ला मिळालं, तेव्हा मंचावरच्या यादीत पाच नावं होती, लोकेशनवाल्यापासून मिक्सिंगवाल्यांपर्यंत. बक्षीस एक करणं वेगळं आणि मानकरी एक करणं वेगळं. आपल्याकडे दुसरं झालं.

कुणी म्हणेल, साउंड डिझायनर हाच प्रमुख, छायाचित्रणात नाही का एकालाच बक्षीस देत? पण तिथे प्रकाश ठरवणारा आणि चौकट ठरवणारा एकच माणूस असतो. आवाजात अजून तसं नाही, निदान मोठ्या चित्रपटांत नाही. डिझायनरने दोनशे-तीनशे ट्रॅक रचून आणलेले असतात, आणि मिक्सिंगच्या थिएटरात बसलेला माणूस त्यातले कितीतरी बंद करतो. पाऊस तीन फूट आधी उतरवायचा, ही गोष्ट रचलेल्या ट्रॅकमध्ये नसते. ती तिथेच, पडदा बघता बघता सुचते. आता फूट नाहीत, हे मला माहीत आहे.

ताडदेवच्या त्या पहिल्या मजल्यावर आज एका कुरियर कंपनीचं ऑफिस आहे. गाद्यांची दोन दारं गेली, जिना तसाच आहे. मागच्या वर्षी मी तिथे गेले होते, वॉचमनला सांगून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि कठड्यापाशी उभी राहून हळूच टाळी वाजवली. घुमते अजून. वॉचमन खालून ओरडला, “काय पडलं का हो?”

१ ऑगस्ट २०२५ रोजी नवी यादी आली. साउंड डिझाइनचं बक्षीस एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या दोन डिझायनरांना. आणि त्याच चित्रपटाच्या मिक्सिंग करणाऱ्याला ‘विशेष उल्लेख’. म्हणजे ज्याला बक्षिसात जागा ठेवली नव्हती, त्याचं काम इतकं उघड ऐकू येत होतं की ज्यूरीला कुठेतरी लिहावंच लागलं. विशेष उल्लेखाला रोख रक्कम नसते, प्रमाणपत्र असतं. यादीत त्यांचं काम ‘री-रेकॉर्डिंग मिक्सर’ असं दिलं होतं. ‘री’ तिथेही सुटला नव्हता.